सव्वाचार ते चार पंचवीस

ग्रंथालयाच्या बांधणी विभागात त्याला सगळे डिंक्या म्हणत. पंचवीस वर्षं फाटक्या पुस्तकांना खळ लावून नखांच्या कडा कायमच्या पांढुरक्या झाल्या होत्या, हे एक कारण. आणि एकदा कामाला बसला की हलवल्याशिवाय हलायचा नाही, हे दुसरं. असा हा माणूस सोमवारी मात्र घरात एका जागी ठरत नसे. सोमवारी ग्रंथालय बंद, आणि सोमवारीच दुपारी सव्वाचारला बायकोचा फोन.

बायको नर्स होती. चौदा महिन्यांपूर्वी तिची बदली रात्रभराच्या प्रवासावरच्या एका गावी झाली. "वर्षभराचा तर प्रश्न," असं म्हणून ती गेली, आणि वर्षाला आता दोन महिन्यांचे धुमारे फुटले होते. एरवीही फोन व्हायचे, पण ते कामाचे. गॅस आला का, गोळी घेतली का. एकजण झोपेत, तर दुसरा घाईत. निवांत म्हणावीत अशी तिच्या चहाच्या सुट्टीतली ही दहाच मिनिटं.

त्या सोमवारी तिने एक काम सांगून ठेवलं होतं. तिच्या जुन्या तपकिरी चपला दुरुस्त करून पार्सलने पाठवायच्या. नव्या चपला टाचेला चावत होत्या. डिंक्या सकाळीच चपला कागदात गुंडाळून चांभाराकडे गेला. चांभाराने डावी चप्पल उलटीपालटी करून पाहिली.

"बाई उभ्याचं काम करतात का?"

"नर्स आहे."

"तरीच. सगळा भार डाव्या पायावर टाकतात. हे बघा, बाहेरची कड किती झिजलीये."

डिंक्या बघत राहिला. बावीस वर्षं संसार केला, पण ती डाव्या पायावर भार टाकून उभी राहते हे त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं. ओट्याशी, दाराशी, आरशासमोर ती कशी उभी असायची ते तो आठवू लागला, आणि खरंच, डावीकडे जराशी कललेलीच दिसली. आता इतक्या लांबून दिसून काय उपयोग!

टाच बसवून झाली. पार्सलचं ऑफिस चार पावलांवर होतं. बाहेर रांग होती, फार नव्हती, सात-आठ माणसं. "जेवायची सुट्टी होईल एवढ्यात," असं स्वतःलाच सांगून तो घरी आला आणि चपला दाराशी ठेवल्या. जोडीने, टोकं बाहेर करून. मग उगाचच टोकं आत केली.

दुपारी त्याने माउथ ऑर्गन काढला. हा नाद त्याला बायको गेल्यावर लागला. शेजारी तक्रार करायचे, आता सवयीने गप्प झाले होते. महिनाभर तो एकच चाल घोटत होता, आज तिला ऐकवायची म्हणून. मधला एक सूर हमखास घसरायचा.

चारला दहा कमी असताना फोन वाजला. ताईचा. त्याची थोरली बहीण, पलीकडच्या गल्लीत एकटीच राहणारी. तिचं म्हणजे नमनालाच घडाभर तेल.

"अरे, त्या पडद्याच्या दुकानदाराने पुन्हा आखूडच शिवलेत बघ."

"ताई, मी मग करू का फोन?"

"कर की. पण आधी ऐक तर."

चार वाजले, दहा झाले, चौदा झाले. पडदे संपून दुकानदाराच्या सुनेवर गाडी आली होती. इतक्यात कानाशी दुसऱ्या फोनची टुकटुक सुरू झाली. डिंक्याने जन्मात पहिल्यांदा थोरल्या बहिणीचा फोन मधेच कापला.

"कुणाशी बोलत होता?" बायकोने विचारलं. मागे ट्रॉलीची खडखड होती.

"ताई."

"मग सुटलात कसे?" ती हसली. मग म्हणाली, "चपला पाठवल्या?"

"टाच बसवून आणली."

"पाठवल्या का, ते विचारलं."

डिंक्याला खोटं बोलता येत नसे. "नाही. दाराशी ठेवल्यात. बऱ्या वाटतात. म्हणजे घरात आहेस असं…"



"अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "मलाही तिथं यावंसं वाटतं हो. पण टाचेला फोड आलाय. बदलीचा अर्ज परत आलाय, आणखी सहा महिने म्हणतात. तोवर मी अनवाणी फिरू?"

डिंक्याने कॅलेंडरकडे पाहिलं. सहा महिने! तीच पुढे म्हणाली, "ते जाऊ दे. काहीतरी वाजवणार होता ना? वाजवा."

त्याने फोन टेबलावर ठेवला, डोळे मिटले आणि वाजवायला लागला. घसरणारा सूर आज सरळ लागला. चाल संपवून त्याने डोळे उघडले.

"कशी होती?"

फोन केव्हाच बंद झाला होता. स्क्रीनवर दोन शब्दांचा निरोप होता: 'बोलावलं, गेले.'

किती ऐकलं असेल तिने, अर्धं की चार सूर, हे कळायला मार्ग नव्हता. घड्याळात चार पंचवीस. पार्सल ऑफिस पाचला बंद व्हायचं. त्याने चपला उचलल्या, पिशवीत कोंबल्या आणि धापा टाकत ते गाठलं. शेवटून दुसरा नंबर लागला.

येताना तो घरी न जाता ताईकडे वळला. मघाशी तिचा फोन कापल्याचं मनाला लागलं होतं. ताईने दार उघडलं, पण रागावली नाही.

"वेळ बघितली नाही मी," ती म्हणाली. "मला कुणाच्या फोनची वाट बघायची नसते ना, मग घड्याळाकडे लक्षच जात नाही. बस, जेवूनच जा."

अंधार पडल्यावर दोघं जेवायला बसली. आखूड पडद्यांखालून गल्लीतला उजेड आत येत होता. ताईने विचारलं, "काय म्हणाली ती?"

आठवडाभर वाट पाहिलेली दहा मिनिटं डिंक्या आठवू लागला. अर्जाचं सांगावंसं वाटेना.

"हसली," तो म्हणाला. "एकदा."

ताईने त्याच्या ताटात आणखी वाढलं.