पोट्टे उताने पडले तवा

आता कोनत्या तोंडानं सांगू भौ तुमाले! जिंदगीभर म्या गावाले येडं बनवलं, पन त्या दिवशी कोनी काही न करता मीच येडा झालो. घ्या, चहा घ्या, अन् आयका.

बीटी कपाशी नवी नवी आली होती. दुकानदार म्हने, "काका, याले फवाराच लागत नाही." हाव! आमच्या पाठीवरचा पंप कवा उतरलाच नाही! औषध अंगात भिनून कोनी ना कोनी वावरात चक्कर येऊन पडे. घरोघरी तेच भेव.

तशात आमच्या सुलतानपुरात नासीर मास्तरनं पेटीची शिकवनी काढली. जागा कोठची? बी-बियान्याच्या दुकानामागची खोली. औषधाचा वास फुकटात! माही नात पिंकी तिथं जाये. पेटीवर अशी वाकून बसे, जशी काही कापूसच वेचून राह्यली! मंग मान दुखे, खांदे दुखे. तिचा बाप, म्हंजे माहा पोरगा गजानन, म्हने, "अजून दुखलं तं पेटी बंद!" पोट्टी लागे रडाले.

एक दिवस तिले आनायले गेलो. पेटीचा आवाजच नाही. काऊन बुवा? खिडकीतून पाह्यलं तं काय! सारे पोट्टे जमिनीवर उताने! डोये मिटेल, हात पसरेल. अन् वास तं असा का इचारू नका!

"धावा बे! पोट्ट्यायले औषध लागलं!"

बाजूच्या चक्कीवरचे लोक हासले. "बुढ्याचं नवीन नाटक!" पन माहं तोंड पाहून धावले. म्या आत शिरलो अन् पिंकीच्या बगलेत हात घातला.

"आबा, सोडा ना! श्वास मोजून राह्यली मी!"

"बरळून राह्यली हो पोट्टी!"

गलका आयकून बाकीचे उठून बसले. एक बहाद्दर तं डोये मिटून मान हयूहयू फिरवूनच राह्यला.

"मान टाकली बे यानं!"

मास्तर दोन्ही हात हालवत आला, "काका, थांबा! थांबा!" मले वाटलं, यालेही झटके! कोनंतरी बादली आनली अन् सपकन मास्तरवर रिकामी केली.

मास्तर निथळत म्हने, "अहो, पोट्टे वाकून वाजवते म्हनून पाठीचा व्यायाम देऊन राह्यलो! आंधी पाठ टेकवाची, मंग मान-खांदे मोकये कराचे, मंग ताठ बसून पेटी."

लोकायसंगं गजाननही धावत आलता, तो तापला. "पेटी शिकाले धाडलं का झोपाले? उद्यापासून बंद!"

पिंकी मुसमुसू लागली. घ्या! माह्याच बोंबेनं पोट्टीची पेटी चालली! आता काय करू?

"थांब बे गजू," म्या म्हन्लं. "मी करून पाह्यतो. पंपानं दुखनाऱ्या माह्या पाठीले फरक पडला तं पोट्टी शिकन."

मास्तरनं मले चटईवर निजवलं. गुडघे वर, पाठ जमिनीले. "श्वास घ्या काका. सोडा." सारं गाव वाकून पाहे. बुढीही आली आमची. म्या घेतला. सोडला. घेतला...

डोये उघडले तं खोलीत कोनीच नाही. फक्त पिंकी, पेटीपुढं ताठ बसेल.

"काय वं, झाला का व्यायाम?"

"कायचा व्यायाम! तुमी झोपले ना, आबा! बाबा लय चिडले. पन आजी म्हने, कपाशी फुटली तवापासून हा मानूस पाठीच्या दुखन्यानं झोपला नाही. इथं असा निजला, तं काहीतरी गुन असनच. राहू दे शिकवनी."

म्या छाती फुगवली. "पाह्यलं! माह्यामुळं वाचली तुही पेटी!"

"हाव. पन मास्तर किती वेळ इथंच बसून होते. तुमच्या घोरन्यासंगं साऱ्या पट्ट्या दाबून पाह्यल्या त्यायनं."

"मंग?"

"थकून घरी गेले. म्हने, पाठ होईन सरळ, पन काकाचं घोरनं कोनत्याच सुरात बसत नाही!"