शिडीवाला नायक

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या लायब्ररीत शनिवारी दुपारी सिनेमा दाखवत. बघायला दहा-बारा जण, बहुतेक निवृत्त गोरे लोक. सिनेमा आळीपाळीने एकेकाने निवडायचा, मग चर्चा, मग हात वर करून मत. आपल्या सिनेमाला सलग दोनदा निम्मे हात वर आले नाहीत, तर निवडायची पाळी गेली. माझा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला, मला काम करायची परवानगी नाही. या अख्ख्या देशात माझं म्हणून काय होतं, तर ती एक पाळी. ती मला सोडायची नव्हती.

मी हट्टाने ब्रिटिश सिनेमा लावला, विनोदी प्रेमकथेचा. त्यातला नायक प्रेमाचं बोलायला नायिकेच्या दारात येतो, तोंड उघडतो आणि म्हणतो, "तुमची पन्हळ गळतेय, बघू का?" आणि शिडी आणायला जातो! मी पोट धरून हसले. एकटीच. मागून कुणीतरी विचारलं, "काय म्हणाला तो?" मग सगळेच म्हणायला लागले, सबटायटल्स लावा. इंग्रजी सिनेमाला इंग्रजी सबटायटल्स! माझ्या प्रत्येक वाक्याला "पार्डन?" म्हणणाऱ्यांची ही गत बघून, खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

चर्चेत मात्र सगळे त्या बिचाऱ्या नायकावर तुटून पडले. मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा म्हणाले, "सरळ आय लव्ह यू म्हणायला याचं काय जातं? दोन तास वाया घालवले." चर्चा चालवणाऱ्या बाई मला समजावायला लागल्या, की इथल्या लोकांना ते स्पष्ट ऐकायचं असतं, पुढच्या वेळी एखादा अमेरिकन बघ.

माझं डोकंच फिरलं. "माझ्या नवऱ्याने अकरा वर्षांत एकदाही म्हटलेलं नाही," मी म्हटलं. "मीही नाही. आमच्याकडे कुणी म्हणत नाही. म्हणून काय आमचे संसार झाले नाहीत?"

बाईंनी लगेच मत घेतलं. हात चारच वर आले. निघताना एका बाईंनी हळूच माझ्या हातात कार्ड सरकवलं. मॅरेज काउन्सेलरचं! म्हणजे मी भांडले त्या नायकासाठी, आणि यांना कीव आली माझी. कार्ड तिथल्या तिथे परत केलं. म्हटलं, "नवरा बाहेर गाडी गरम करून बसलाय, त्याची परवानगी घेऊन येते हं."

बसलाच होता. काचेवरचा बर्फ खरवडून झाला होता, आणि मी घरी विसरलेले हातमोजे त्याने हीटरसमोर ठेवले होते. मी सगळं रामायण सांगितलं.

"हं," तो म्हणाला. दोन सिग्नल गेल्यावर विचारलं, "मग आता कुठला लावणार?"

"ब्रिटिशच."

"पाळी जाईल की गं."

"गेली तर गेली! त्यांना आवडावं म्हणून मी माझी आवड बदलू होय?"

पुढच्या पाळीला तोही माझ्याबरोबर आला. सिनेमा म्हटला की हा दहा मिनिटांत झोपतो. झोपलाच, वर घोरलाही. या वेळचा नायक प्रेमाऐवजी बसच्या वेळा सांगत होता. सबटायटल्स मी आधीच लावली होती, तरी कुणी हसलं नाही.

"कुणाला आवडला?" चर्चा चालवणाऱ्या बाईंनी विचारलं. आम्ही अकरा जण होतो, सहा हात हवे होते. माझा धरून तीन आले. तेवढ्यात शेजारचं घोरणं थांबलं. नवऱ्याने डोळे चोळले, इकडेतिकडे पाहिलं आणि हात वर केला. चार. पाळी गेली.

आजोबा हसायला लागले. "अरे, तू तर झोपला होतास!"

"हो," नवरा म्हणाला. "पण सिनेमा तिचा आहे ना."

मोजून झालं, बाईंनी वही मिटली, तरी याचा हात वरच. मी मान वळवून त्या कार्डवाल्या बाईंकडे पाहिलं, चांगलं रोखून.