क्लचप्लेट कोणी जाळली

हे मी घरात सांगितलेलं नाही, कारखान्यात नाही, गावाकडे तर नाहीच. सहा वर्षं झाली. आता सांगायला बसलोय तर हसू येतंय — आणि खरं तर हसण्यासारखं यात काही नाही. पण काय करू, यंदाच्या आखाजीपासून, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्यतृतीयेपासून, मी खुशीतच आहे.

आधी गाडीचं सांगतो. छोटी, पांढरी, आमच्या आधी दोन मालकांच्या हातून गेलेली. इथे गुजरातेत, नवागामच्या आमच्या गल्लीत शिरताना तिचे दोन्ही आरसे मिटावे लागतात. अशा गाडीची दुखणी ठरलेली — उन्हाळ्यात एसीचा गॅस, पावसाळ्यात बॅटरी, खड्ड्यांनी सस्पेन्शनचे बुश. हजार-दोन हजारांत भागतं. क्लचप्लेट गेली मात्र, की गिअरबॉक्स उतरवावा लागतो. आठ-नऊ हजार सरळ जातात.

सरला, म्हणजे माझी बायको, आणि मी गाडी बरोबरच शिकलो. खरं सांगू? ती माझ्यापेक्षा चांगली चालवायची. मला ते आवडायचं का? नाही आवडायचं.

माझं काम जवळच्या उधन्यात, कारखान्यात — साड्यांना लेस लावायचं. वीस वर्षं मशीनवर. आमच्यात पायडलवरून पाय उचलायचा नसतो. जो उचलतो त्याच्या दिवसाला दहा साड्या कमी होतात. झोपेतसुद्धा माझे पाय हलतात म्हणे. मग असा माणूस गाडीत बसला की त्याचा डावा पाय कुठे असेल, तुम्हीच सांगा — क्लचवर. कायम. हलकाच, पण टेकलेला.

वर्षाच्या आत गाडी चढावर नुसतीच ओरडायला लागली. मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवला, काळी पडलेली प्लेट आम्हा दोघांसमोर धरली. "क्लच पर पग राखीने कोण चलावे छे?" क्लचवर पाय ठेवून कोण चालवतं, एवढंच त्याने विचारलं.

मला त्याच क्षणी कळलं — अगदी तळपायापर्यंत. आणि मी काय केलं? सरलाकडे बघून हसलो. "ही शिकतेय ना अजून," म्हणालो.

तिने मान खाली घालून स्वतःच्या चपलांकडे पाहिलं. रिक्षात बसल्यावर दोष स्वतःवरच घेत अहिराणीत म्हणाली, "मनीच चूक व्हयनी व्हई." मी "जाऊ दे" म्हटलं. मोठ्या मनाने म्हटलं, बरं का. त्या दिवसापासून तिने गाडीला हात लावला नाही.

इतक्यावर थांबलो असतो तरी एक वेळ... पण सवय माझी ती माझीच. पुढे प्लेट आणखी दोनदा जळली. आता तर दोष द्यायला कोणी नव्हतं. मग घरी कधी रेडिएटर गळतोय म्हणून सांगितलं, कधी स्टिअरिंगची दांडी गेली म्हणून. सरला बिचारी, गाडीलाच नजर लागली म्हणून लिंबू-मिरची बांधायची. मी तिला गाठ मारायला मदत करायचो.

यंदा आखाजीच्या आठ दिवस आधी कारखान्यात माझ्या पायावर साड्यांचा मोठा गठ्ठा पडला. डाव्याच पायावर. प्लास्टर. सरलाचं माहेर साक्रीजवळ, आणि आखाजीला माहेरी गेली नाही तर ती खानदेशची लेक कसली? बसमध्ये तर पाय ठेवायला जागा नव्हती. तिने दोन दिवस विचार केला आणि खिळ्यावरची किल्ली काढली. "आते मी चालाडस."

काय चालवली म्हणून सांगू. नवापूरपर्यंत दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून. पुढे सुटलीच. कोंडाईबारीच्या घाटात ट्रकांमागे गाडी थांबली, तेव्हा तिने हँडब्रेक ओढला, सावकाश क्लच सोडला, गाडी बोटभरही मागे गेली नाही. आखाजीची गाणी म्हणत होती. मी तिच्या पायाकडे बघत होतो. गिअर बदलला की डावा पाय क्लचवरून उचलून खाली सपाट ठेवायची. दर वेळी. इतका आनंद मला गाडी घेतली तेव्हाही झाला नव्हता, आणि लाजही.

माहेरी अख्खी आळी गोळा झाली. झोका खेळायचा सोडून बाया गाडीभोवती. मी बाजेवर पाय लांब करून, हातात आमरसाची वाटी. कोणीतरी तिला विचारलं, इतके दिवस का नाही चालवलीस?

"पह्यले मना हाततून क्लचप्लेट जळनी व्हती," ती म्हणाली. "पन यासनी मले कधी काही म्हनं नही."

सगळ्या बाया वळून माझ्याकडे कौतुकाने बघायला लागल्या. सासूबाईंनी माझी वाटी पुन्हा भरली. मी रस प्यायलो. गोड होता.

ती प्लेट मी जाळली.