फलाटावरचा आवाज

शहराच्या मोठ्या बसस्थानकावर बाईंनी एकतीस वर्षं घोषणा केल्या. काचेची खोली, समोर माइक, भिंतीवर गाड्यांचा तक्ता. कुठली गाडी कितव्या फलाटाला लागेल, कुठली उशिरा सुटेल, हे अख्ख्या शहरानं त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. चेहरा मात्र कुणाच्या ओळखीचा नव्हता. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच रविवारी, चर्चमधून परतताना, त्या स्थानकासमोरच्या चौकात उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं प्रभू येशूबद्दल बोलू लागल्या. पहिलं वाक्य तोंडातून बाहेर पडलं मात्र, आसपासच्या माणसांनी झटकन सामान उचललं.

घरी हे ऐकून नवऱ्याची हसता हसता पुरेवाट झाली. तो शिंपी. तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाला, "मग? देवाची गाडी कितव्या फलाटाला लावलीस?" नणंदेला मात्र हे काही रुचलं नाही. भर रस्त्यात असं ओरडणं शोभतं का, असं तिनं दोन-तीनदा ऐकवलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेल्या. आपल्या कामाबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. कुणी नक्कल केली, कुणी तोंडावर हसलं. एकदा वाहतूक पोलिसानं बाजूला व्हायला सांगितलं. त्या दहा पावलं बाजूला झाल्या आणि तिथून बोलल्या.

अशी तीन वर्षं गेली. एका दुपारी त्या घर सोडून गेलेल्या मुलाची आणि त्याची वाट बघत बसलेल्या बापाची गोष्ट सांगत होत्या. गर्दीतून पन्नाशीचा एक माणूस पुढं आला. मोटारी दुरुस्त करणारा मिस्त्री, नखांत काळं तेल साचलेलं.

"माझाही बाप वाट बघत होता," तो म्हणाला. "तुम्ही मला सातव्या फलाटावर उभं केलंत. गाडी चौथ्यावरून निघून गेली."

सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. बाप शेवटच्या घटका मोजत होता आणि गावाला जाणारी त्या दिवसाची ती शेवटची गाडी. मिस्त्री दुसऱ्या दिवशी पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. थोरल्या भावानं दारातच, आता कशाला आलास, म्हणून विचारलं. हा तसाच माघारी फिरला, तो पुन्हा गावी गेलाच नाही.

निरोपसमारंभात बाईंबद्दल सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली होती: एकतीस वर्षांत एकही घोषणा चुकली नाही. बाईंचाही त्यावर विश्वास होता. आयत्या वेळी फलाट बदलला असेल, वरून चिठ्ठीच चुकीची आली असेल, असं त्यांना सांगता आलं असतं. त्यांनी हातातलं बायबल मिटलं.

"मला आठवत नाही," त्या म्हणाल्या. "पण आवाज माझाच होता. मला माफ करा."

माणूस भांडायच्या तयारीनं आला होता. बाईंनी त्याला शेजारच्या बाकावर बसवलं. तो तासभर बापाबद्दल बोलत राहिला आणि बाईंनी मध्ये एक शब्द काढला नाही. त्यांच्या आयुष्यात हे प्रथमच घडत असावं. शेवटी त्यांनी विचारलं, भाऊ अजून तिथंच राहतो का. राहत असेल, तो म्हणाला.

"मग शनिवारी जाऊ. मी येते बरोबर."

"तुम्ही कशाला?"

"तुम्हाला गाडीत बसवून द्यायचं माझ्याकडून राहिलंय."

शनिवारी दोघं निघाली. चार तासांचा रस्ता. वाटेतली सगळी नावं बाईंना क्रमानं पाठ होती, पण गावं त्या पहिल्यांदाच बघत होत्या. ज्या थांब्याचं नाव त्या सर्वांत ठसक्यात घ्यायच्या, तिथं नुसता एक पेट्रोल पंप निघाला.

भावाच्या दारापाशी मिस्त्री दोन पावलं मागंच राहिला. कडी बाईंनीच वाजवली. दार उघडलं ते पार पिकलेल्या केसांच्या माणसानं. धाकट्याकडे तो नुसता बघत राहिला. फलाटाची हकीकत बाईंनीच सांगितली, चार वाक्यांत, स्पष्ट.

"हे तू तेव्हाच का नाही सांगितलंस?" थोरला म्हणाला.

"तू विचारलंस कुठे?"

थोरला उंबऱ्यावरच बसला. म्हणाला, "बाबा सारखे तेच म्हणत होते. त्याची गाडी चुकली असेल, नाहीतर तो आलाच असता. मलाच खरं वाटलं नाही."

मिस्त्री चार दिवस भावाकडे राहिला. बाई त्याच संध्याकाळी एकट्या परतल्या. खिडकीशी बसून त्यांनी प्रार्थना केली आणि शहर येईपर्यंत छान झोप काढली.

मिस्त्री पुढंही चौकात येत राहिला. देवाचं आपल्याला काही पटत नाही, असं तो दर वेळी सांगतो आणि बाई त्याला बसायला जागा करून देतात. आता त्या पंधरा मिनिटंच बोलतात. आवाज तोच, खणखणीत. मग बाकावर बसतात आणि शेजारी येऊन टेकणाऱ्याला आधी विचारतात, कुठं निघालात? परवा एक म्हातारी म्हणाली, इस्पितळात, पण एकटीनं जायची भीती वाटते. बाईंनी तिची पिशवी उचलली आणि दोघी रस्ता ओलांडून गेल्या.