मास्तरांचे दोन गुंठे

शमुवेल मास्तर गेल्याचं मला बारामतीच्या मार्केट यार्डात कळलं. गुळाचा सौदा चालू होता. समोरच्या एसटीडी बूथवाल्यानं हाक मारली, "नाना, गावाकडनं फोन हाय." फोनवर आमचे सरपंच होते. "मास्तर गेलं. सकाळी अंघुळीचं पाणी काढता काढता बसलं, ते बसलंच. तुमी लगीच या, समदी तयारी चालू केलीया." तयारी कसली, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. गाडीत मी फक्त रडत होतो, आणि रडणाऱ्या माणसाला आपण काहीतरी करतोय असं उगाच वाटत असतं. आता सहा आठवडे झाले. रडणं संपलंय, राग उरलाय, आणि तो मी इथं काढणार आहे. मास्तरांबद्दल गोड बोलणारे गावात पुष्कळ आहेत. त्या गोडीनंच त्यांचा घात केला.

मास्तर मूळचे नगरकडचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावी झेडपीच्या शाळेवर आले तेव्हा मी दुसरीत होतो. गावात ख्रिस्ती घर ते एवढं एकच. शमुवेल हे नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून गावानं महिन्याभरात त्यांचं श्यामराव करून टाकलं. डिसेंबरात त्यांच्या पत्नी मार्थाबाई करंज्या-शंकरपाळ्या करायच्या, दारात चांदणीचा कंदील लागायचा, आणि डबे घरोघर जायचे. गाव म्हणायचं, मास्तरांची दिवाळी आली. "दिवाळी नाही, नाताळ," मास्तर दरवर्षी सांगायचे. "त्येच वो मास्तर," असं म्हणून लोक करंजी तोंडात टाकायचे. मलाही यात गंमत वाटायची. आज वाटत नाही. माणूस तीस-बत्तीस वर्षं आपण कोण ते सांगत होता, आणि आम्ही तोंड भरून खात होतो.

मास्तर काही लपूनछपून ख्रिस्ती नव्हते. रविवारी बारामतीच्या ख्रिस्ती देवळात जायला एसटी मिळाली नाही, तर ओट्यावर खुर्ची टाकून मोठ्यानं बायबल, त्यांच्या भाषेत शास्त्र, वाचायचे. शाळेच्या नव्या खोलीचं उद्घाटन निघालं तेव्हा नारळ फोडायचा मान त्यांना दिला. "नारळ तुम्ही फोडा, मी प्रार्थना करतो," म्हणाले. मग लिंबाखाली उभं राहून, डोळे मिटून, ही खोली पोरांच्या डोक्यावर पडू देऊ नकोस आणि ज्यांनी हिचं सिमेंट खाल्लं त्यांना क्षमा कर, अशी खणखणीत प्रार्थना केली. आम्ही हसलो. ठेकेदारानं मान वर केली नाही. त्या वर्षी पावसाळ्यात भिंतीला चीर गेली, तेव्हा मास्तरांनी स्वतः माती-चुना कालवून ती बुजवली.

मार्थाबाई गेल्या त्याला आता आठ वर्षं होतील. गावात पुरायला जागा नाही, म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून बारामतीला नेलं. पिंपळीच्या अलीकडे ट्रॉली पंक्चर झाली. एप्रिलचं ऊन. चाक दुरुस्त होऊन येईपर्यंत दोन तास मार्थाबाई रस्त्याच्या कडेला होत्या आणि मास्तर त्यांच्या तोंडावर छत्री धरून उभे होते. मी छत्री मागितली, दिली नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांनी ग्रामपंचायतीला अर्ज केला. गायरानातले दोन गुंठे ख्रिस्ती दफनभूमीसाठी द्यावेत, एवढीच मागणी. पुढं मी सरपंच झालो. पाच वर्षं होतो. दर ग्रामसभेच्या आधी मास्तर आठवण द्यायला यायचे आणि मी म्हणायचो, होईल मास्तर, पुढच्या वेळी घेऊ. एकदा तर म्हणालो, "एका घरासाठी कशाला गावात वाद?"

"घर एक आहे म्हणून मरण काही अर्धं येत नाही, नाना," मास्तर म्हणाले. "मला ट्रॉलीत घालून नेऊ नका. आणि जाळू तर मुळीच नका. माझी माणसं पुनरुत्थानाची वाट बघत मातीत झोपतात. मला या गावच्या मातीत झोपू द्या." मी हो म्हणालो. घरी माझ्या आईसमोर, अगदी हातात हात देऊन हो म्हणालो...

मी बारामतीहून पोचलो तर ओढ्याकाठच्या स्मशानात लाकडं रचून झाली होती. अख्खं गाव लोटलं होतं. चौकातल्या फळ्यावर 'कै. श्यामराव मास्तर' असं रंगीत खडूनं लिहिलेलं. मास्तरांची मुलगी रूथ नागपूरला नर्स आहे. तिच्या दवाखान्यात निरोप दिला होता, ती दुसऱ्या दिवशी दुपारी पोचणार होती. जानेवारीची थंडी, इंदापुरात बर्फाची लादी मिळते, एक रात्र थांबता आलं असतं. मी सरपंचांना बाजूला घेऊन म्हणालो, मास्तरांना पुरायचं आहे, तसा त्यांचा शब्द आहे.

"पुरायचं कुठं, नाना?" सरपंच म्हणाले. "जागा हाय का? तुमच्या टायमाला झाली असती तर आज ही येळ आली नसती."

खरं होतं. तरी मी म्हणालो, गायरानात खड्डा काढू, मग बघू काय व्हायचं ते. तेव्हा कुणीतरी मागून बोललं, "आज खड्डा काढाल, उद्या तितं क्रूस उभा ऱ्हाईल. पेपर वाचत न्हाय व्हय?" या हिवाळ्यात पेपरात रोज कुठलं ना कुठलं प्रार्थनाघर मोडल्याची बातमी असायची. भजनी मंडळाचे म्हातारे तात्या मात्र खरंच रडत होते. माझा दंड धरून म्हणाले, "आरं, आपलाच माणूस त्यो. त्याला गायरानात न्हायतर बारामतीला येगळा कशापायी टाकायचा? आपल्या वाडवडलांसंगं जाऊ दे. आन अग्नी तू दे. त्यांनी हितं शिकवलेल्या पयल्या पोरांतला तू, मान तुझा हाय."

मला मान दिला आणि मी घेतला. त्या क्षणी छाती भरून आली होती, हेही लिहून ठेवतो, कारण ते लपवलं तर हा लेखही फळ्यावरच्या रंगीत खडूसारखाच होईल. खांद्यावर मडकं घेऊन मी तीन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच राख सावडून भीमेत सोडली. तिसऱ्या दिवसापर्यंत थांबायला कुणाला सवड नव्हती. कारखान्याची ऊसतोड आली होती.

दुपारी रूथ आली. हातात पांढऱ्या फुलांचा एक चक्राकार हार होता, इंदापूरला उतरून करून घेतलेला. "बाबांना कुठं ठेवलंय?" तिनं विचारलं. जमलेले ओढ्याकडं बघू लागले. मग तिनं माझं भादरलेलं डोकं पाहिलं.

"दादा, तुम्हाला माहीत होतं ना?"

"व्हय," मी म्हणालो.

"मग?"

तो हार ठेवायला तिला जागा नव्हती. शेवटी तिनं तो पुन्हा पिशवीत घातला.

संध्याकाळी शाळेत शोकसभा. एकामागून एक माणूस उठत होता आणि घोळून घोळून एकच वाक्य बोलत होता: मास्तर ख्रिश्चन आहेत असं आम्हाला कधी जाणवलंच नाही. याला आमच्याकडे स्तुती म्हणतात. लेक समोर बसलेली. एवढी वर्षं उघड्या ओट्यावर शास्त्र वाचणारा माणूस तुम्हाला जाणवला नाही, तर डोळे कुणाचे गेले होते? आम्ही मोठ्या अभिमानानं सांगतो की, बाहेर काहीही होवो, आपल्या गावात असलं काही नाही. नाहीच. आम्ही कुणाचा क्रूस मोडला नाही. तो उभा राहील एवढी जागाच दिली नाही, आणि वर त्या माणसाला आपला म्हणालो. दगड मारणाऱ्याला निदान समोरचा कोण आहे ते दिसत तरी असतं. हे मी त्या सभेत बोलायला हवं होतं. मी 'मास्तरांना सद्गती लाभो' म्हणून खाली बसलो.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत गायरानातल्या दोन गुंठ्यांचा ठराव आला. दोन मिनिटांत, एकमतानं मंजूर. वाद नाही, क्रूसाची भीती नाही, एकही हात खाली नाही. मी उभा राहिलो आणि विचारलं, "आता कुणाला पुरणार?" सरपंच जरा गोंधळले. मग म्हणाले, "तूर्त कोन न्हाय, तर बाग करू. मास्तरांच्या नावानं. दोन बाकं टाकू." टाळ्या पडल्या. पुरायला माणूस उरला नाही म्हणून जागा मिळाली, हे तिथं सगळ्यांना कळत होतं.

हे सगळं मी रूथला कळवलं. गेल्या सोमवारी तिचं पत्र आलं. "दादा, बाग करू देऊ नका. त्या जागेच्या वहीत पहिलं नाव माझं लिहा. मी अजून तिशीत आहे, गावाला तयारीला भरपूर वेळ आहे. पण मी गेले की मला नागपूरहून तिथंच आणायचं आणि मातीत ठेवायचं. बाबांचा अर्ज खरा होता. आणि हे आत्ताच लेखी देते, म्हणजे त्या वेळी माझ्यासाठी दुसऱ्या कुणाला ठरवावं लागणार नाही."

सरपंचांना पत्र दाखवलं. "जित्या मानसाचं नाव कुठं लिवत्यात व्हय? आन वही तरी कुठाय?" म्हणाले. मग मी इंदापूरहून दोनशे पानी जाड वही आणली. वर लिहिलं, ख्रिस्ती दफनभूमी. खाली एक आकडा घालून, रूथ शमुवेल साळवे. शमुवेल हे नाव गावाच्या कुठल्याही कागदावर मी पहिल्यांदाच लिहिलं. आता वहीवर ग्रामपंचायतीचा शिक्का हवा. रोज दहाला ऑफिस उघडतं तेव्हा मी जाऊन बाकावर बसतो. ग्रामसेवक चहा मागवतात, शिक्का सापडत नाही म्हणतात. मी चहाला हात लावत नाही. वही मांडीवर उघडी ठेवून ऑफिस बंद होईपर्यंत बसून राहतो.