शेवटची दहा मिनिटं

गोंदियाच्या टॉकीजमध्ये त्या दुपारी आम्ही सातजण होतो. सिनेमा एका लेखकाचा आणि त्याच्या आईचा. आईच्या मरणापासून सुरू होऊन गोष्ट उलटी मागे जाते आणि शेवटी तरुण आई लेकराला भात भरवते. तेवढ्यासाठी दारावरचा तिकीट फाडणारा म्हातारा आत आला आणि टोपी काढून भिंतीशी उभा राहिला.

सिनेमा सुटल्यावर बाहेर मी त्याला विचारलं, "काका, सुरवात नाही पाहत?"

"कायले पाहू? सुरवातीले माय मरते. आखरीले जित्ती असते. रोज तेवढंच पाहून राहिलो मी."

आई गेल्यापासून आमगावच्या घरी माझी वाट पाहणारं कुणी नाही. दुसऱ्या दिवशी तिकीट काढून मी दाराबाहेर त्याच्या बाकावर बसलो. आत सिनेमा सुरू झाला, तरी मी उठलो नाही. शेवटची दहा मिनिटं उरली तशी त्यानं टोपी काढली.