कोऱ्या स्लाइडवरचा तपकिरी रंग

प्रयोगशाळेत तिला सगळे कंट्रोलबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिच्या कानावर आलं होतंच. नव्या मुलांनी तपासायला स्लाइड उचलली की तिचा एकच प्रश्न असायचा, "आधी कंट्रोल बघितलं का?"

सत्तावीस वर्षं ती रोग्यांच्या शरीरातले तुकडे मेणाच्या ठोकळ्यांत बसवून कापत आली होती. कागदाहून कितीतरी पातळ काप कोमट पाण्यावर सोडायचा, सुरकुती पडू न देता काचेवर झेलायचा आणि मग त्यावर अँटिबॉडीचे थेंब घालायचे. अँटिबॉडीला तिचं लक्ष्य सापडलं की ती तिथेच चिकटून बसते आणि पुढच्या रसायनाने ती जागा तपकिरी होते. नाही सापडलं तर सगळं निळं.

अलीकडे तिचं काम होतं लढाऊ पेशींवरचा ब्रेक शोधण्याचं. डॉक्टर त्याला चेकपॉइंट रिसेप्टर म्हणत. कॅन्सरच्या गाठीत शिरलेल्या लढाऊ पेशींवर तो भरपूर दिसला, तर तो सोडवणाऱ्या नव्या औषधाच्या चाचणीत रोग्याला घेत. नाही दिसला तर नाही. दर खेपेला तीन स्लाइड असायच्या. पहिली टॉन्सिलची, तिथे हा ब्रेक असतोच. दुसरी रोग्याची. तिसरीही रोग्याचीच, पण तिच्यावर अँटिबॉडी मुद्दाम घालायची नाही. ही कोरी, ती निळीच राहिली पाहिजे. टॉन्सिल आणि कोरी, रोग्याचा रंग खरा की खोटा ते ठरवणारी ही दोन कंट्रोल.

त्या मंगळवारी ठोकळ्यावर तिच्या धाकट्या भावाचा नंबर होता.

"हे तुम्ही नका करू," प्रयोगशाळेतले डॉक्टर म्हणाले. ते तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. मायक्रोस्कोपची भिंगं पुसायला तिनेच त्यांना शिकवलं होतं.

"दुसऱ्याच्या हातून काप फाटला तर? तुकडा केवढासा आहे."

डॉक्टरांनी ठोकळा तिच्याकडे सरकवला.

तिने काप काढले. आपल्याला काहीच कसं वाटत नाही, याचंच तिला जरासं नवल वाटलं. दुपारी स्लाइड वाळत असताना भावजयीचा फोन आला.

"ताई, काही कळलं का? हे सकाळपासून खिडकीशी बसलेत. हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत."

फोन खांद्यावर धरून तिने हाताला आली ती स्लाइड भिंगाखाली सरकवली. ती भावाची होती. जागोजाग तपकिरी.

"आलाय गं," ती म्हणाली. "रंग आलाय."

पलीकडे भावजय रडायला लागली. हिने फोन ठेवला आणि टॉन्सिलची स्लाइड लावली. ठीक होती. मग कोरी लावली. त्याच जागी, तसाच तपकिरी रंग.

अँटिबॉडी नव्हतीच, तर रंग तिचा कसा असेल? गाठीत कधीतरी रक्तस्राव झाला होता आणि त्या जुन्या रक्तातलं लोह तिथे साचून राहिलं होतं. ही चूक तिने मुलांच्या हातून होताना कितीदा पकडली होती.

डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं. "कुणाला सांगितलंत?"

"भावजयीला."

"म्हणजे सगळ्यांना." मग ते हळू आवाजात म्हणाले, "उद्या लाल रंगाने करू. तपकिरीत तपकिरी कळत नाही. लाल असलं तर लपणार नाही."

संध्याकाळी घरी जाऊन तिने भांडी घासली आणि घासलेली पुन्हा घासली. फोन केला नाही. अजून एक दिवस होता.

बुधवारी तिने आधी टॉन्सिल पाहिलं. लालभडक. मग कोरी. तपकिरी आणि निळी. मग भावाची. तपकिरी आणि निळी. लाल शोधत ती काप एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकवत राहिली. पाचसहा पेशी सापडल्या. डॉक्टरांनी मोजल्या आणि नकारार्थी मान हलवली.

ती तशीच भावाकडे गेली. तो बस चालवायचा, आता आठ महिने घरीच होता. दाराशी भरलेली बॅग होती. तो औषधासाठी दवाखान्यात जायच्या तयारीत होता. उभ्यानेच तिने सगळं सांगितलं, घाई आपण केली तेही.

"तू घाई केलीस?" भाऊ म्हणाला. "मला पेपरात प्रश्न दोनदा वाचायला लावणारी तू?"

"हो."

तो बॅगेशेजारी खाली बसला. "ब्रेक लागलेलाच नाही म्हणतेस. मग गाडी थांबली कशाने?"

"त्या पेशी तिथे पोचल्याच नाहीत रे फारशा."

"म्हणजे गाडीच आली नाही." त्याने मान डोलावली, एखाद्या प्रवाशाने रस्ता विचारावा आणि हा सांगून मोकळा व्हावा तशी. "आधीचं औषध सोमवारी ना?"

"सोमवारी."

भावजयीने बॅग आत नेली, पण उघडली नाही. बाहेर येऊन ती फोन घेऊन बसली आणि नुसती बघत राहिली.

"किती जणांना कळवलंस?" नणंदेने विचारलं.

"आईला. दोन्ही जावांना. ह्यांच्या डेपोत. शेजारी." ती थांबली. "मामांनाही."

"दे इकडे."

भावजयीच्या हातातून फोन घेऊन तिने पहिला नंबर लावला आणि म्हणाली, "काल सांगितलं ते चुकलं होतं. चूक माझी. नवं औषध मिळणार नाही." पलीकडून प्रश्न आले, तिने उत्तरं दिली. दुसरा लावला. तिसऱ्या फोनपर्यंत वाक्य घोटून तयार झालं होतं, कुठेच अडत नव्हतं. मामांना मात्र कमी ऐकू यायचं. त्यांना तिला ते तीनदा, मोठ्याने सांगावं लागलं, आणि तिन्ही वेळा भाऊ शेजारीच बसला होता.